हौसाच्या माहेरची दरी

आमच्या गारखेड्याच्या बागेत सकाळी म्हातारे बसतात. मी गौताळ्याच्या जंगलातली दरी चालून आलो हे कळल्यापासून त्यांनी माझं डोकं खाल्लं. चढ किती आहे, गुडघ्याला झेपंल का, बिबट्या दिसतो का, तिथं चहा मिळतो का. एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतोय. मी चौथी शिकलेला माणूस. आधी मेंढरं वळली, मग लासूर स्टेशनच्या मार्केटात पोती उचलली. आता म्हातारपणी पोराकडं राहतो. लिहिण्यात चुकलं तर वाचता वाचता नीट करून घ्या, मला सांगायला येऊ नका.

दरी सोपी आहे, हे आधी सांगून टाकतो. उतरायला पायऱ्या आहेत, खाली नदीकाठानं सपाट वाट आहे, चार ठिकाणी पाणी ओलांडावं लागतं. आमच्यातला कुणीही जाऊन येईल. पण मी काय हवा खायला गेलो नव्हतो.

माझी बायको हौसा श्रावणात गेली. तिचं माहेर त्या दरीच्या पलीकडच्या तोंडाला, जंगलाच्या हद्दीबाहेर. धनगरांची चार घरं आहेत. तिथं तिचा धाकटा भाऊ लिंबाजी राहतो. धाकटा म्हणजे तोही सत्तरीचा. आई लवकर गेली, म्हणून हौसानंच त्याला कडेवर वाढवला.

आमच्यात बाई सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो, भाऊच अंगावर घालतो. हौसा गेली तसा मी वस्तीवर फोन लावला. लिंबाजीचा पोरगा भीमा एकटाच आला, मोकळ्या हातानं. म्हणाला, "मामा, आबाचं हृदयाचं ऑपरेशन परवाच झालंय. डॉक्टर म्हणले, धक्का बसंल असं काय सांगू नका. आत्या गेली कळलं तर आबापण जाईल." आता मढं दारात असताना माणूस काय वाद घालणार? बरं म्हणलं. माझी सून सुनीता उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून लुगडं घेऊन आली. ते घातलं आणि हौसाला नेली.

दिवाळी आली. भाऊबीजेला हौसा दर वर्षी वस्तीवर जायची. यंदा लिंबाजी दरीकडं तोंड करून दिवसभर बसला. दुसऱ्या दिवशीपण बसला. मग भीमाचा फोन आला.

"मामा, एकदा येऊन जा. आत्याचे गुडघे धरलेत, चालता येत नाय, असं सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की गप बसंल."

"तूच सांग की."

"माझं खरं वाटंना त्याला."

खोटं बोलायला मला कुणी शिकवायला नको, मार्केटात जन्म गेला. पण जळून गेलेल्या बाईचे गुडघे दुखतात म्हणून सांगायचं, हे कसल्या तोंडानं सांगायचं? येतो म्हणलं. म्हणलं, दरी उतरेस्तोवर ठरवू काय बोलायचं ते.

फाट्यापर्यंत

भीमा म्हणाला, कन्नडला उतरा, गाडीवर घ्यायला येतो. मी नको म्हणलं. वस्तीला गाडीरस्ता झाला तरी हौसा कधी त्यानं गेली नाय. जंगलाच्या फाट्यावर उतरायची आणि दरीतून चालत जायची. पोरं लहान होती तवा एक काखेत, एक हाताला. मीही बरोबर गेलेलो आहे कित्येकदा. मी पुढं, ती मागं, आणि तिची बडबड माझ्याही पुढं.

माहेरी जाताना ती धपाटे न्यायची. लिंबाजीला तिच्या हातचे धपाटे लागायचे. भीमानं फोनवर बजावलं होतं, "आत्यानं धाडलेत म्हणा." सुनीतानं पहाटे उठून केले. स्टीलच्या डब्यात भरायला लागली.

मी म्हणलं, "डब्यात नको. ती फडक्यात बांधायची."

"नाना, वास लागंल साऱ्या पिशवीला."

"लागू दे."

हौसाचं ते जुनं फडकं तिच्या पेटीत होतं, काठ निळा, मधी हळदीचे डाग. मीच बांधलं. हौसा एक गाठ मारायची, तिच्या बापाची होती म्हणायची. धनगराच्या एका हातात काठी असते, म्हणून शिदोरी एका हातानं सुटली पाहिजे. एक टोक ओढलं की सगळं फडकं मोकळं. आणि लटकवून कोसभर चाला, आपोआप सुटणार नाय. ती गाठ मी सगळा जन्म सोडली. मारली एकदाही नव्हती. मला वाटलं, गाठ ती गाठ. दोन टोकं घेतली, आवळली, झालं.

एसटीत काय झालं ते लिहीत नाय. एसटीत काही होत नाय, माणूस नुसता हलतो. फाट्यावर एका टपरीत चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, "चाचा, शक्कर कम डालूं क्या?" मी म्हणलं, आता कुणासाठी कमी करायची, टाक बाबा. हौसा असती तर त्याच्या हातातनं चमचा काढून घेतला असता.

उतार

पूर्वी इथं नुसती शेरडांची वाट होती. आता फाटक आहे, तिकीट आहे, फलक आहे. प्लास्टिक नेऊ नका, जोरात गाणी लावू नका, पाण्यात उतरू नका. जंगलखात्याचा गार्ड तरणा होता, गळ्यात शिट्टी. माझी पिशवी तपासली.

"बाबा, या वयात कुठं निघालात?"

"सासुरवाडीला."

"या वयात?"

"सासुरवाडीला वय लागतं व्हय?"

हसला. म्हणाला, "आजी कुठंय मग?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पुढं गेली."

"मग गाठा बिगी बिगी. अन् पाण्यात उतरू नका दोघं, परवाच एक जण पाय घसरून पडलाय."

पायऱ्या खाली खाली जातात. दोन्ही बाजूला काळा कातळ उभा होत जातो आणि आभाळ एका पट्ट्याएवढं राहतं. ऊन खाली उशिरा पोचतं. मी गेलो तवा वरच्या सागांवर ऊन होतं आणि मी थंडीत चाललो होतो. सागाची पानं पडलेली, एकेक पान परातीएवढं. त्यावर पाय पडला की मागून कुणी चालतंय असा आवाज येतो. मी दोनदा मागं बघितलं. लिहिताना वाटतं वेडेपणा आहे. पण बघितलं.

कातळाला आग्या मोहोळं लटकलेली आहेत, काळी, पखालीसारखी. त्यांच्या बरोबर खाली शहरातली पोरं-पोरी बसली होती, डबड्यातून ढणढण गाणं लावून. मी काठी आपटली.

"वर बघा."

"काय झालं आजोबा?"

"आधी वर बघा."

बघितलं तशी गाणं बंद झालं. मग सगळी एकदम लाडात आली. बसा म्हणाली, वेफर दिले. वारा भरून विकतात त्या पुड्यात, खाली चार तुकडे. आमच्यात रानात कुणी भेटलं तर अर्धी भाकर देतात. ह्यांनी अख्खी पुडी पुढं केली, आता काय बोलणार. एक चष्म्यावाली पोरगी म्हणाली, "आजोबा, फोटो काढू? जरा हसा ना."

"कशाला?"

"फोटोसाठी!"

"नाय हसत."

"एकटेच फिरता का? आजी नाही आल्या?"

मी म्हणलं, "बायको मेली माझी. श्रावणात."

पोरीनं फोन खाली घेतला. मी उठलो आणि चालायला लागलो. जिचं नाव माहीत नाय त्या पोरीला एका दमात सांगून टाकलं. आणि ज्याची बहीण, त्याला सांगायचं नाय.

चालताना एक गोष्ट डोक्यात आली. बाईचा नवरा मरतो तवा सगळ्या जगाला दिसतं. कपाळ दिसतं, हात दिसतात. कुणी विचारत नाय, सगळे बघून समजतात. माणसाची बायको मेली तर त्याच्यावर काही दिसत नाय. तोच सदरा, तीच टोपी. म्हणून आम्हाला प्रत्येकाला तोंडानं सांगावं लागतं, नायतर तोंडानं लपवावं लागतं.

पाणी

नदीला पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, निवळ, तळाचे गोटे मोजता यावेत असं. ओलांडायला दगड टाकलेत. दोन ठिकाणी नीट गेलो. तिसऱ्या ठिकाणी मधला दगड डुगडुगला. मी शिदोरी वर धरली, पिशवी वर धरली, आणि बाकी मी पाण्यात बसलो. एक चप्पल वाहत निघाली. काठीनं अडवायला गेलो तर कातळाच्या फटीत गेली. वरून एक वानर बघत होतं. त्याचं तोंड आणि माझं तोंड सारखंच काळं.

हौसा असती तर आधी हसली असती, मग उठवला असता. तसाच क्रम असायचा तिचा.

ओल्या धोतरानं आणि एका चपलेनं पुढं निघालो. दरी तिथून रुंद होते. करवंदीच्या जाळ्या, सीताफळीची झाडं, उन्हाचा पहिला तुकडा. दुसरं कुणी असतं तर लिहिलं असतं फार सुंदर होतं. सुंदर होतंच. मला त्यातलं काही नको होतं. दरी संपत आली होती आणि काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

वस्ती

लिंबाजी बोरीखाली बसला होता, दरीकडं तोंड करून. शेरडं मागं चरत होती. डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याला माणूस दिसतो, चेहरा दिसत नाय. माझ्या चालीवरून ओळखलं.

"दाजी! या या. आन् मागं कोण?"

"कुणी नाय."

"अक्का मागं राह्यली का? का वाटंत कुणाशी बोलत बसली? लई बडबडी." मग माझ्या पायाकडं वाकून बघितलं. "एकच चप्पल? दुसरी अक्कानं हाणली काय तुम्हाला?"

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

भीमा पळत आला. पाया पडला आणि पडता पडताच माझा पाय दाबला, म्हणजे लक्षात ठेवा. भीमाच्या बायकोनं पाणी आणलं. मी तांब्या हातात धरून बसलो.

भीमाच बोलला, "आबा, सांगितलं नव्हतं का? आत्याचे गुडघे धरलेत. व्हय ना मामा?"

लिंबाजी म्हणाला, "तू गप. दाजीला बोलू दे."

मी शिदोरी पुढं केली. "हे धपाटे," एवढंच म्हणलं.

लिंबाजी खूश झाला. एका हातात काठी होती ती तशीच ठेवून दुसऱ्या हातानं फडक्याचं टोक धरलं आणि ओढलं. सुटलं नाय. परत ओढलं. गाठ आणखी आवळली. त्यानं काठी खाली ठेवली. दोन्ही हातांची बोटं गाठीवरून फिरवायला लागला, वरून, खालून, आंधळ्यानं तोंड चाचपावं तशी.

"ही गाठ अक्काची नाय."

भीमा म्हणाला, "सुनेनं बांधली असंल, आबा. गुडघे धरलेत म्हणल्यावर..."

"गुडघे धरलेत. हात धरलेत का?" लिंबाजीचा आवाज चढला नव्हता. "फडकं अक्काचं. धपाटेपण अक्काचेच असतील. आन् माझी शिदोरी दुसऱ्याला बांधू देईल अक्का? मला शेरडामागं पयल्यांदा धाडलं तवापासून तिची ती एकच गाठ. तापानं फणफणली होती तवासुद्धा तिनंच बांधली."

मग माझ्याकडं वळला. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी बघत राहिला.

"दाजी. कधी?"

भीमा मागून हात हलवत होता. मी म्हणलं, "श्रावणात. झोपेतच गेली. त्रास नाय झाला."

मला वाटलं आता पडतो हा. पडला नाय. शिदोरी मांडीवर घेऊन बसून राहिला. मग विचारलं, "अंगावर कुणाचं लुगडं घातलं?"

ह्या एका प्रश्नाची मला भीती होती.

"दुकानातलं. सुनेनं आणलं."

"म्हणजे माझं नाय."

"नाय."

"भीमा, तू गेलता?"

"व्हय आबा."

"मोकळ्या हातानं?"

भीमा रडायला लागला. लिंबाजी त्याला काही बोलला नाय. आजतागायत बोललेला नाय. भिंतीला हात लावत लावत घरात गेला आणि एक पिशवी घेऊन आला. आत हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं, घडी न मोडलेलं. भाऊबीजेसाठी आणून ठेवलेलं.

"चला दाजी," म्हणाला. "अंघोळ करायची राह्यली."

डोह

आमच्यात आपलं माणूस गेल्याचं ज्या क्षणी कळतं त्या क्षणी अंघोळ करतात, अंगावरच्या कपड्यानिशी. उशिरा कळलं तर उशिरा, पण करायची. वस्तीखाली दरीत एक डोह आहे, सावलीतला, थंडगार. लिंबाजी तिकडंच निघाला. छातीवर टाके पडलेला माणूस.

भीमा आडवा आला. "आबा, घरी पाणी तापवतो. थंडीचं मरशील तू!"

लिंबाजीनं त्याला काठीनं बाजूला सारला, शेरडू सारावं तसा.

मी काय करणार? त्याचा हात धरला. धोतर माझं ओलं होतंच. दोघं पाण्यात उतरलो, कमरेपर्यंत. पाणी असलं गार की बोलता येईना. तेवढ्यात शिट्टी वाजली. तो सकाळचा गार्ड पलीकडच्या काठावर, मागं ती शहरातली पोरं. "बाहेर निघा! बोर्ड वाचला नाय का?" ओरडत ओरडत जवळ आला.

मी म्हणलं, "मयताची अंघोळ आहे."

गार्डनं मला ओळखलं. आधी माझ्याकडं, मग लिंबाजीकडं बघितलं. सकाळचं माझं उत्तर त्याला आठवलं असावं. शिट्टी तोंडातून काढली, सदऱ्यात टाकली. पोरांना म्हणाला, "चला, मागं फिरा. पुढं काय नाय बघायला." ती चष्म्यावाली मागं बघत गेली.

लिंबाजीनं नाक धरलं आणि बुडी मारली. मी त्याच्या दंडाला धरून होतो. वर येईपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता. वर आला. परत बुडाला. मग मला म्हणाला, "तुम्ही तिकडं केली आसंल अंघोळ."

"केली."

"परत करा."

मीही बुडी मारली.

काठाला एक लांबट सपाट कातळ आहे. हौसा लहानपणी त्याच्यावर कपडे धुवायची. लिंबाजीनं लुगड्याची घडी मोडली आणि ते कातळावर पसरलं. डोक्याकडून पायाकडं, मयताच्या अंगावर घालतात तसं. काठ नीट केले. वाऱ्यानं एक टोक उडालं, त्यानं ते खाली दाबून खोचलं. म्हणाला, "घे अक्का." तेवढंच. मग दोघं कुडकुडत उभे राहिलो. भीमा वर करवंदीआड उभा होता, त्याला बोलावलं नाय आणि हाकललंही नाय.

सकाळी

रात्री लिंबाजी शेकोटीजवळ झोपला, मी जागा राहून त्याचा श्वास ऐकला. सकाळी उठून त्यानं शेरडं मोजली, तवा माझा जीव भांड्यात पडला.

निघताना त्यानं लुगड्याची घडी हौसाच्या फडक्यात ठेवली आणि बांधायला घेतली.

मी म्हणलं, "हळू मार. बघू दे."

हळू मारली. मग सोडली आणि फडकं माझ्याकडं टाकलं. मी मारली. चुकली. त्यानं हातावर चापट दिली. "उलटं." परत मारली. परत चापट.

"अक्का शिकवायची तवा असंच हाणायची," म्हणाला. "दाजी, तुमच्यापेक्षा शेरडू लवकर शिकंल."

शेवटी त्यानंच बांधली. त्याच्या जुन्या चपला मला घालायला लावल्या. "पेटीत ठेवू नका लुगडं," म्हणाला. "कसर लागती. कुणाला तरी नेसवा."

भीमानं गाडीवर कन्नडला सोडलं. वाटेत म्हणाला, "मामा, आबाला सांगा ना माझ्याशी बोलायला. मी त्याचा जीव वाचवायला केलं."

मी म्हणलं, "जीव वाचवलास. लुगडं गेलं. तो बोलणार नाय इतक्यात. तू ताट वाढत जा, तो जेवत जाईल."

घरी सुनीतानं विचारलं, नाना, फडक्यात काय? मी एका हातानं टोक ओढलं. सगळं मोकळं झालं. हिरवं लुगडं बघून ती मागं सरकली. "आईंचं आहे हे. मला कसं चालंल?"

"तिच्यासाठी तू आणलंस," मी म्हणलं. "तिचं आलंय ते तू घे."

तर दरी अशी आहे. पायऱ्यांना कठडा आहे, चढ बेताचा आहे. मोहोळाखाली गाणी लावू नका. तिसऱ्या पाण्यात मधल्या दगडावर पाय देऊ नका, आणि चपला नको, बूट घाला. खायला मिळत नाय, शिदोरी न्यावी लागते. ज्यांच्या घरी बांधून देणारी अजून आहे त्यांनी ती बांधत असताना तिच्या हाताकडं बघा. मी रोज संध्याकाळी फडकं घेऊन बसतो. अजून जमलेलं नाय.